एवाजवळ कोण बसलं

माझा भाऊ गेला त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. तो माझ्याहून बराच मोठा, नुकतं मिसरूड फुटलेला, बाच्या बरोबरीनं वाडीत राबणारा. आमच्या दोघांच्या मधे कोणी नव्हतं. देश स्वतंत्र होऊन एक-दोन पावसाळे झाले होते. शाळेत झेंडा लागला होता, पण नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. विहिरीवर रहाट, रहाटाला रेडा, आणि रेड्यामागे भाऊ. मी शाळेतून आले की तो मला रहाटाच्या लांब दांड्यावर बसवायचा. रेडा गोल फिरायचा, त्याच्यामागे मी गोल फिरायचे, आणि भाऊ शीळ घालत पाटाचं पाणी एकेका आळ्यात वळवायचा. शाळेत काय झालं ते मी त्याला तिथं बसून सांगायचे. तो मधेच "मग?" म्हणायचा. तेवढं मला पुरायचं.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती लिहायची मला सवय नाही, म्हणून इथं आमचं बोलणं शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

थंडी ओसरत आली होती. दुसऱ्या दिवशी वटारहून माणसं यायची होती, भावाच्या लग्नाचं बोलायला. आयनं घर सारवलं होतं, भांडी राखेनं घासून उन्हात मांडली होती, कोंबड्या हाकून हाकून तिचा आवाज बसला होता. दिवस कलला तेव्हा भाऊ वाडीतून येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर टेकला होता.

"केळीची पानं आण जरा," आय आतून म्हणाली. "उद्या पंगतीला लागतील."

"सकाळी आणतो. ताजी मिळतील."

"सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसेल. आत्ताच आण."

तो उठला, खुंटीवरचा कोयता काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्यापेक्षा आयलाच घाई झालीय लग्नाची." आणि हसत गेला.

तो परत आला तेव्हा पानांचा भारा त्याच्या खांद्यावर होता. तो त्यानं नीट उतरवला, पानं फाटू नयेत म्हणून भिंतीला आडवा लावून ठेवला, आणि मग म्हणाला, "आय, पायाला काहीतरी चावलं."

घोट्याच्या वर दोन ठिपके होते. साप कोणता होता ते त्यानं पाहिलं नव्हतं. बानं सुंभ घेऊन पाय आवळला, शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली आणि त्याला दवाखान्यात न्यायला निघाले. गाडीत आडवा होताना तो आयला म्हणाला, "उद्याच्या माणसांना नाही म्हणू नको हां." आय आणि मी घरीच राहिलो. सकाळी गाडी परत आली. बैल अगदी हळू चालत होते, आणि बा गाडीत बसला नव्हता, गाडीच्या बाजूनं चालत येत होता. ते बघूनच शेजारच्या बायका रडायला लागल्या. आय रडली नाही. ती गाडीपाशी गेली, भावाच्या गालाला हात लावला आणि त्याला हाक मारली. झोपलेल्याला उठवताना मारतात तशी, जरा रागानं. मग पुन्हा. मग बायांनी तिला धरून मागे नेलं.

वटारची माणसं ठरल्या वेळी आली. त्यांना कळवायला कोणाला सुचलं नव्हतं. नवे कपडे घातलेली ती माणसं आमच्या अंगणात शिरली आणि तशीच मातीला आली.

पहिले काही दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी पेज आणायचं, कोणी भात, संध्याकाळी ओट्यावर जपमाळेची प्रार्थना व्हायची. आय भिंतीला पाठ लावून बसलेली असे. अशाच एका संध्याकाळी आमच्या नात्यातली एक म्हातारी तिचं सांत्वन करायला पुढे सरकली. मनानं ती वाईट बाई नव्हती. आयच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "उगाच जिवाला लावून घेऊ नको. सापाचं आणि आपल्या बायांच्या जातीचं वैर एदेन बागेपासूनचं आहे. मरण जगात आलं ते बाईच्याच हातून. एवानं फळ तोडलं नसतं तर कोणी मेलंच नसतं. ते आपल्या नशिबी आलेलं आहे."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. आयनं म्हातारीचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर माणसं येईनाशी झाली. ज्याला त्याला आपली वाडी, आपली गुरं. आयनं मिस्साला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणं सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं. "पाणी आण", "दिवा लाव", "पातेलं उतरव", असं लागेल तेवढंच. सुकेळ्यांचे दिवस होते. पिकलेली राजेळी केळी सोलून ती चटईवर मांडायची, उन्हात उलटीपालटी करायची, संध्याकाळी पानांत गुंडाळून आत न्यायची. माशा वारत दिवसभर त्या चटईपाशी बसायची. बा उजाडायच्या आधी वाडीत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. तिघं तीन वेळांना जेवायचो. एकमेकांचा राग नव्हता आम्हाला. समोरासमोर बसलं की चौथी जागा दिसायची, एवढंच.

मी शाळेतून यायचे, दप्तर ठेवायचे आणि रहाटाकडे जायचे. रेड्याला आता एक गडी हाकायचा, तो आम्हाला नवीन होता आणि मला दांड्यावर बसू द्यायला घाबरायचा. मग मी गोठ्यात रेड्यालाच शाळेतलं सांगायचे. तो चघळत उभा राहायचा. आमच्या घरात कोणी तरी "मग?" म्हणावं असं मला इतकं वाटायचं की कधीकधी मीच ते मोठ्यानं म्हणायचे.

रविवारी दुपारी चर्चच्या आवारात आम्हा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असे. आंब्याखाली चटया टाकून फादर शिकवायचे. ते तरुण होते, नवीनच आले होते, आणि त्यांना गोष्ट सांगायला मनापासून आवडायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी अगदी आरंभापासून सुरुवात केली. काहीच नव्हतं, नुसता काळोख आणि पाणी. मग उजेड झाला. मग आभाळ, जमीन, झाडं, सूर्य-चंद्र, मासे, पाखरं, जनावरं. शेवटी मातीचा माणूस केला आणि त्याच्या नाकात फुंकर घातली. देवानं सगळी जनावरं आदामासमोर आणली आणि आदामानं एकेकाला नाव दिलं, हे सांगताना फादर स्वतः आदाम व्हायचे आणि आम्हा मुलांकडे बोट दाखवून "तू हत्ती, तू घार, तू बेडूक" म्हणायचे. मुलं हसून लोळायची.

मला मात्र त्या आदामाचं वाईट वाटायचं. सगळ्यांना नावं दिली, पण ती नावं ऐकायला कोणी नव्हतं. त्याला बोलायला कोणी नाही हे देवाच्याही लक्षात आलं, असं फादर म्हणाले, आणि तेव्हा मी मनात म्हटलं, लक्षात यायला एवढा वेळ का लागला असेल?

घरी आले की चटईच्या दुसऱ्या टोकाला बसून मी त्या दिवशीची गोष्ट सांगायचे. आय ऐकते आहे की नाही ते कळायचं नाही. तिचे हात केळी उलटत असायचे. आदामाच्या सोबतीला केलेली एवा, बाग, झाड, साप, बागेबाहेर काढणं, हे सगळं मी तिला सांगितलं. सापाचा भाग मी गाळायला हवा होता का, ते मला तेव्हा समजलं नाही. तिनं चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही.

मग काईन आणि हाबेल यांचा रविवार आला. आदाम-एवाचे दोन मुलगे, एक शेतकरी, एक मेंढपाळ. देवानं धाकट्याचं अर्पण घेतलं आणि थोरल्याचं घेतलं नाही, म्हणून थोरला त्याला रानात घेऊन गेला आणि त्यानं त्याला मारलं. मग देवानं काईनाला विचारलं, भाऊ कुठे आहे तुझा? हे मी आयला सांगितलं, आणि काईन देशोधडीला लागला तिथपर्यंत आले.

"आणि एवा?" आय म्हणाली.

मी दचकले. कितीतरी दिवसांनी तिनं मला काही विचारलं होतं.

"एवाचं काय?"

"तिचं पोर मेलं. तिनं काय केलं?"

"ते फादरांनी सांगितलं नाही."

"विचार त्यांना."

पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले आणि विचारलं, "फादर, हाबेल मेल्यावर एवानं काय केलं?" मागची मुलं खिदळली. कोणीतरी म्हणालं, "जेवण केलं!" फादरांनी त्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "ते शास्त्रात दिलेलं नाही. बस."

मी घरी जाऊन तेच सांगितलं. आय केळं हातात धरून थांबली.

"दिलेलं नाही म्हणजे?" ती म्हणाली. आणि मग एकदम बोलत सुटली, माझ्याशी नाही, समोरच्या चटईशी बोलल्यासारखी. "जगातलं पहिलं मरण ते. त्याआधी कोणी मेलेलंच नव्हतं. मग तिला कळलं कसं की हा मेला? तिला वाटलं असेल झोपलाय. हाक मारली असेल तिनं. हलवलं असेल. तोंडावर पाणी मारलं असेल. मग अंग गार लागलं असेल. गार का लागतंय ते तिला कोण सांगणार? शेजार नाही, सोयरे नाहीत. पुरायचं असतं हे तरी कोणी सांगितलं? आणि वर सगळे म्हणतात, तुझ्याच हातून मरण आलं. सगळे म्हणजे कोण, तो एक नवराच. तिच्याजवळ कोण बसलं?"

मला गाडीपाशी उभी राहून भावाला हाक मारणारी आय दिसत होती. मी उठून गोठ्यात गेले आणि रेड्याच्या मानेला तोंड लावून उभी राहिले.

दर रविवारी मी परतले की ती आता आधीच विचारायची, "काही बोलले का एवाबद्दल?" आणि मी नाही म्हटलं की पुन्हा गप्प व्हायची. शेवटी एके दिवशी वर्ग सुटल्यावर मी मागे रेंगाळले. फादर चटया गुंडाळत होते. मी पुन्हा तेच विचारलं, या वेळी सगळं, आय म्हणाली होती तसं, गार अंगापर्यंत.

त्यांनी चटई खाली ठेवली. "हे कोण विचारतंय? तू की तुझी आई?"

"आय."

"मिस्साला तुझ्याबरोबर दिसत नाहीत त्या. तू कोणाची, म्हणालीस?"

मी बाचं नाव सांगितलं. सापाचं सांगितलं. ते नवीन असले तरी ती गोष्ट त्यांच्या कानावर आलेली असणार, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

काही दिवसांनी ते सायकलवरून आमच्याकडे आले. सकाळची वेळ होती, बा वाडीत होता. आयनं त्यांना ओट्यावर चटई टाकली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. मी पाणी घेऊन आले आणि दारामागे उभी राहिले. मला वाटलं ते तिला मिस्सा चुकवल्याबद्दल बोलतील. तिलाही तसंच वाटलं असावं. तिनं हनुवटी वर केली होती.

"तुमच्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला," फादर म्हणाले. "मी तिला वर्गात झटकून टाकलं. ते बरं केलं नाही. घरी जाऊन मी ते पान पुन्हा वाचलं. मग अजून एकदा वाचलं. एवाचं रडणं तिथं नाही. एक शब्द नाही."

"ज्यानं लिहिलं तो पुरुष असणार," आय म्हणाली.

फादर जरासे हसले, मग थांबले. "पुढे एवढंच आहे की तिला आणखी एक मुलगा झाला. आणि ती म्हणाली, हाबेलाच्या जागी देवानं मला हा दिला."

"जागी?" आयचा आवाज चढला. "एकाच्या जागी दुसरा बसतो, फादर? तुमच्या आईला विचारा."

अंगणात कोंबडी माती उकरत होती तिच्याकडे फादर बघत राहिले. मग आय हळूच म्हणाली, "मी पाठवलं त्याला. तो म्हणत होता सकाळी आणतो. मीच म्हटलं आत्ता आण."

हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. बाजवळही नाही, मला खात्री आहे.

मी वाट बघत होते की फादर काहीतरी म्हणतील. देवाची इच्छा, तुमचा काय दोष, असलं काहीतरी, जे बाकी सगळे म्हणून गेले होते. पण ते म्हणाले, "याला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत नाही." आणि तसेच बसून राहिले. बराच वेळ बसले. आय रडायला लागली तेव्हाही ते उठले नाहीत आणि तिला उगी राहा म्हणाले नाहीत. माझ्या आयला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना ऐकलं.

ती थांबली तेव्हा, निघायच्या आधी, ते जणू आठवून म्हणाले, "आणखी मुलं झाली त्यांना. मुलगे आणि मुली, असं लिहिलंय. मुलींची नावं नाहीत."

"मग हाबेलाची बहीण तेव्हा होती का?" मी दारामागून विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "तो मेला तेव्हा ती कुठे होती?"

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आयचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं आता ती मला जवळ बोलावेल.

"असेलही," फादर म्हणाले. "कोण जाणे."

"रेड्याला पेंढा घातलास का?" आयनं विचारलं.

मी घातला नव्हता. मी घालायला गेले. परत आले तेव्हा सायकल गेली होती आणि आय चुलीपाशी होती. त्या दिवशी आणखी काही झालं नाही. मी मात्र कितीतरी दिवस त्या बिननावाच्या बहिणीचा विचार करत राहिले. तिला हाबेलानं खांद्यावर बसवलं असेल का? त्याच्या मेंढरांना ती नावं देत असेल का? आईबापांच्या दुःखात तिला जेवण कोणी वाढलं असेल? शाळेच्या वाटेवर चालताना मी तिला बरोबर घ्यायचे. ती मला फार चांगली ओळखीची झाली होती.

पावसाळा गेला. आय अजून मिस्साला जात नव्हती, पण आठवड्यातून एखाद वेळी बाला ताट वाढून त्याच्यासमोर बसायला लागली होती.

अर्नाळ्याची एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. वर्षानुवर्षं येत होती. आय तिला केळी द्यायची, ती आयला मांदेली नाहीतर सुकट द्यायची, आणि दोघी ओट्यावर बसून घटकाभर बोलायच्या. भाऊ गेल्यावरही ती आली होती. टोपली अंगणात ठेवून तिथंच उकिडवी बसली होती, आणि आय बाहेर आली नाही तेव्हा मासळी माझ्या हातात देऊन मुकाट्यानं गेली होती. दिवाळीच्या सुमाराला अवेळी वादळ झालं आणि त्यानंतर ती यायची थांबली. मग एका दुपारी बा जेवता जेवता म्हणाला, "त्या कोळणीचा धाकटा ज्या होडीवर होता ती होडी आली नाही. बाकीच्या आल्या."

आयनं हातातला डाव खाली ठेवला. आत गेली, नव्या हंगामातली सुकेळी पानात बांधलेली होती त्यातलं एक पुडकं घेतलं, लुगडं नीट केलं आणि मला म्हणाली, "चल."

भावाला माती दिल्यापासून ती वाडीच्या कुंपणाबाहेर पडली नव्हती. आगाशी गावावरून आम्ही अर्नाळ्याला चालत गेलो. वाटेत ओळखीच्या बाया थांबून बघत होत्या. आय कोणाकडे बघत नव्हती. मला तिच्याबरोबर चालायला जवळजवळ पळावं लागत होतं, पण मी आनंदात होते, आणि आनंदात असल्याची मला लाज वाटत होती.

किनाऱ्यावर सुकत घातलेल्या जाळ्यांच्या पलीकडे ती बसली होती, समुद्राकडे तोंड करून. थोडं मागे चार-पाच कोळणी उभ्या होत्या. तिच्याजवळ जायला त्या बिचकत होत्या. एक जण आयला हळू म्हणाली, "कोनाला जवल येव देत नाय. तो मेला असा बोललो तं मारायला धावते."

आय गेली आणि तिच्या बाजूला वाळूत बसली. मी आयच्या पलीकडे. कोळणीनं मान वळवून बघितलं.

"बाय, तुमी? एवरे लांब?"

"तू आली नाहीस, म्हणून मी आले."

"तो येनार हाय आज," ती म्हणाली. "मी पानी पन नाय पिली. तो येल नं, मंग पिन."

मागच्या बायका कुजबुजल्या. आय तिला नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. म्हणाली, "मी पण हाक मारत होते. गाडीतून आणला तरी हाक मारत होते."

कोळणीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण चेहरा हलला नाही. ओहोटी होती, समुद्र लांब गेला होता. मग आय बोलायला लागली. "आमच्यात एका बाईची गोष्ट आहे," ती म्हणाली. "जगातली पहिली बाई. तिच्या आधी कोणी बाई नव्हती, आणि तिच्या पोराच्या आधी कोणी मेलं नव्हतं..." आणि तिनं एवाची गोष्ट सांगितली. पण बाग, फळ, साप यांतलं काही सांगितलं नाही. तिच्या गोष्टीत एवाला वाडी होती, चूल होती, मुलगा रानात गेला होता आणि आला नव्हता, आणि ती दारात उभी राहून वाट बघत होती. जेवण झाकून ठेवलं होतं. अंधार झाला तरी ती आत आली नाही.

"मंग कोन आला तिच्याकडे?" कोळणीनं विचारलं.

"कोणीच नव्हतं यायला," आय म्हणाली. आणि मग म्हणाली, "एक मुलगी होती तिला. ती होती जवळ. पण आईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं."

मी वाळूकडे बघत राहिले. आयनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा हात मात्र माझ्या पाठीवर आला आणि तिथं राहिला, जड, खरबरीत, केळीच्या चिकानं काळा पडलेला.

उन्हं उतरायला लागल्यावर कोळणीनं स्वतःच मागे वळून एकीला पाणी मागितलं. ती प्यायली. मग ओरडून रडली, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याजवळ आल्या. आयनं सुकेळ्यांचं पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि आम्ही निघालो.

तिचा मुलगा समुद्रानं परत दिला नाही. काही महिन्यांनी ती पुन्हा टोपली घेऊन यायला लागली, थोरल्या सुनेला बरोबर घेऊन, आणि पुढे ती थकेपर्यंत येत राहिली. आय नाताळाच्या मिस्साला गेली. मागच्या बाकावर बसली, गाणी म्हटली नाहीत, पण गेली. त्यानंतर गावात किंवा आसपास कोणाच्या घरी मूल गेलं की ती जायची, मग ते घर कोणाचंही असो. जाऊन फार बोलायची नाही. फादर दुसऱ्या गावाला गेले तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आले होते, आणि आयनं त्यांना, म्हातारे झाल्यावर एवाचं ते पान पुन्हा एकदा नीट वाचा, असं सांगितलं. ते मनापासून हसले.

आमचं घर पुन्हा पूर्वीसारखं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या शाळेच्या गोष्टी आय ऐकायची, हुं हुं करायची. पण "मग?" कोणी म्हणालं नाही. ते म्हणणारा एकच होता.

आणि बा? मोठी होऊन मी शिक्षिका झाले, मुलांना तीच गोष्ट सांगायला लागले, तेव्हा मला कळलं की एवाचं आयनं विचारलं, बहिणीचं मी विचारलं, आदामाचं कोणी विचारलं नाही. मला आता एक दिवस आठवतो. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. आय तापानं पडली होती म्हणून बाची भाकरी घेऊन मी वाडीत गेले. तो नेहमीच्या जागी नव्हता. शोधत शोधत वाडीच्या टोकाला गेले. भाऊ त्या संध्याकाळी पानं तोडायला जिथं गेला होता, तिथली केळीची अख्खी रांग बानं केव्हाची खणून काढली होती. जमीन उघडी पडली होती. तो तिथं बसला होता, नुसता.

"इथं काही लावलं नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"काही लावावंसं वाटत नाही," तो म्हणाला. "दुपारी इथं येऊन बसतो. बरं वाटतं."

"रोज?"

"रोज."

म्हणजे इतकी वर्षं तो दुपारी तिथं एकटा बसत होता आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं. मी भाकरी सोडली, त्याच्यापुढे ठेवली. त्यानं अर्धी मोडून माझ्या हातात दिली. वाऱ्यानं शेजारच्या रांगेतली पानं एकमेकांवर घासत होती. आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली, आणि खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "जा आता, आय एकटी आहे घरी."